मे महिन्यात मित्रांसोबत दोन-तीन दिवस जायला एखादं हटके, छोटं गाव सुचवाल का? गर्दीचं हिल स्टेशन नको.

सावंतवाडी. गोव्याला जाताना लोक हिच्या बाजूने निघून जातात. तसं करू नका, मुक्कामच इथे टाका.

कारण सांगतो: पत्ते. इथे गंजिफा रंगवतात. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या अवतारांचे, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग (म्हणजे इस्पिक-बदामसारखे गट), प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे 120 पानं. पूर्वी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचे थर चढवून वर लाखेचं रोगण देत. ही कला जवळजवळ संपत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवून ती जगवली. मोती तलावाकाठच्या त्या राजवाड्यात आजही पत्ते रंगवताना बघता येतात.

पण नुसते बघून परत येऊ नका, खेळायला शिका. तिघं असाल तर प्रत्येकाला 40 पानं. हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. आणि दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून! आमच्यातला एकजण, कॉलेजात मेंढीकोटला अजिंक्य होता तो, एक्का टाकून छाती फुगवायचा आणि दरवेळी हरायचा. हाताने रंगवलेला पूर्ण संच महाग, काही हजारांत जातो. वर्गणी काढा, नाहीतर साधा छापील घ्या.

चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लाकडी आंबे, वांगी, फणस इतके हुबेहूब की हात लावल्याशिवाय पटत नाही. घासाघीस करा, पण लाज वाटेल इतकी नको.

ऊन? आहेच. घामाने निथळाल. म्हणून दुपारी कोंबडी-वडे आणि सोलकढी चापून ताणून द्यायची (शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, आणि ती कमी प्रतीची अजिबात नाही). संध्याकाळी तलावाभोवती फेरी. थंड हवा हवी असेल तर आंबोली तीसेक किलोमीटरवर, फक्त मेमध्ये धबधबा कोरडा असतो, त्याच्या आशेवर जाऊ नका. एखादी सकाळ कुडाळजवळच्या पिंगुळीला द्या. ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्यात. रात्री जवळपास कुठे दशावतारी नाटक आहे का, हे रिक्षावाल्याला विचारा.

रेल्वेने आलात तर 'सावंतवाडी रोड' स्टेशन गावात नाही, मळगावात आहे, तिथून रिक्षा करावी लागते. आणि मेमध्ये सगळे चाकरमानी कोकणात निघतात, तेव्हा जागा ठरवण्याआधी तिकीट मिळतंय का ते बघा.