गणपतीआधी भिंतीला रंग नको

प्रश्न : ताई, आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं, कौलारू. ओटी आणि पुढची पडवी एक करून ग्रिल लावलं, तोच आता आमचा हॉल. खालच्या अर्ध्या भिंतीला चॉकलेटी ऑइलपेंट, वर पिवळा डिस्टेंपर. दर पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पांढरी भुकटी पडते. सोफ्याला कुबट वास येतो. भर दुपारी ट्यूब लावावी लागते. गणपती हॉलमध्येच, आतल्या भिंतीशी बसतो. दीर-जावा, मुलंबाळं मिळून १५ माणसं मुंबईहून येतात. मुलगा म्हणतो, भिंतींना वॉलपेपर लावू आणि वर पीओपी करू. हाताशी १२,००० रुपये आहेत. माळ्यावर झोपाळ्याची फळी आणि सासऱ्यांची आरामखुर्ची पडून आहे. ती काढून टाकावी का? सासूबाईंची दोन सुती लुगडीही ट्रंकेत आहेत. चतुर्थीला दीड महिना उरलाय. — वाचक, देवगड तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटली ती ही, की फळी आणि खुर्ची माळ्यावरून खाली आणा आणि रंगाचा डबा मात्र आत्ता आणू नका.

आपल्याकडे चतुर्थीच्या आधी घर रंगवायची रीत आहे. मनाला ते बरं वाटतं, मलाही वाटतं. पण श्रावण-भाद्रपदात चिऱ्याची भिंत आतून ओली असते. चिरा सच्छिद्र, जोत्यातलं पाणी तो वर ओढून घेतो. त्या ओलीवर रंग मारला की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि रंगालाच ढकलतं. दिवाळीपर्यंत पापुद्रे पुन्हा सुटतात. दर वर्षी चतुर्थीला तीन-चार हजार असे भिंतीतून गळून पडतात, आणि मुंबईहून आलेला प्रत्येक जण म्हणतो, अरे, गेल्याच वर्षी रंगवलं होतं ना!

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी सुकताना सोबत आणलेले क्षार भिंतीवर सोडून जातं. जुन्या गिलाव्यात खाडीची वाळू असेल तर क्षार आणखी जास्त, आणि मीठ हवेतली ओलही ओढतं. हा लोणा पाण्याने पुसू नका. पाण्यात तो विरघळतो आणि परत भिंतीत शिरतो. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खाली पाडा, सुपलीत भरा आणि झाडांपासून लांब टाका.

तुमच्या भिंतीचा खरा दोष त्या चॉकलेटी पट्ट्यात आहे. मुलांचे तेलकट हात, टेकून बसणाऱ्यांची डोकी यांनी भिंत मळू नये म्हणून तो मारतात, हेतू चांगलाच. पण ऑइलपेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती पट्ट्याच्या मागून वर चढते आणि जिथे पट्टा संपतो तिथे फुटते. तुमचा पिवळा रंग नेमका त्या रेषेच्या वरच सुटत असणार. पाहा बरं.

एक साधी परीक्षा करा. चपात्या गुंडाळायची चंदेरी फॉइल वीतभर कापून भिंतीला चारही बाजूंनी घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे, आणि तिला वारा हाच उपाय. बाहेरच्या भिंतीवर एक आणि आतल्या भिंतीवर एक, अशी दोन्हीकडे लावून पाहा.

ओल भिंतीतली निघाली तर पैसे आधी बाहेर घाला, आत नव्हे. पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराला एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात? तिथलं पाणी उसळून भिंतीवर येतं का? जोत्याला लागून माती, पालापाचोळा, लाकडं रचलीत का? माती ओढून जोतं उघडं करा. पागोळ्यांच्या रेषेवर चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरा म्हणजे पाणी उसळणार नाही, आणि उतार अंगणाकडे द्या. जिथून झड येते त्या बाजूला पत्र्याची नाहीतर पीव्हीसीची पन्हळ लावा. याला १,५०० रुपये धरा, बाकी घरच्यांचे हात. हॉलच्या कामात हे कुणी धरत नाही, पण तुमचा हॉल सुधारायला खरी सुरुवात इथूनच आहे.

वॉलपेपर नकोच. त्याच्यामागे बुरशी धरते आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पीओपीलाही माझा ठाम नकार, आणि तो केवळ पैशांसाठी नाही. कौलारू घरात दर वर्षी कौलं परतावी लागतात. गळती कुठे आहे, वासा कुठे कुजलाय, वाळवीची माती कुठे चढलीय, हे खालून मान वर करून दिसलं पाहिजे. पीओपीने ते सगळं झाकलं जातं, वर उंदीर घरं करतात आणि पहिल्या गळतीला पिवळा डाग पडतो. मुलाला सांगा, वासे-रिपांची ती ओळ मुंबईच्या पाहुण्यांना बघायलाही आवडते. लांब काठीला फडकं बांधून जळमटं काढा, एवढं पुरे.

आता रंगाची हौस. आपल्या सिंधुदुर्गात गणपतीमागची भिंत रंगवून तिच्यावर चित्र काढायची जुनी पद्धत आहे. तेवढीच भिंत या वर्षी रंगवा. ती आतली आहे, तिला झड लागत नाही. फॉइलच्या परीक्षेत ती कोरडी निघाली तर लोणा-धूळ झाडून तिला पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या डिस्टेंपरचा हात द्या आणि वेलबुट्टी, मोर, कमळं घरच्या मुलांना काढू द्या. वर माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट) बांधली, तेरडा, कवंडळं, नारळ, सुपारीचे घड टांगले की त्या भिंतीपुढे बाकीच्या भिंतींकडे कोण पाहील? बाकीच्या भिंती फक्त झाडा. सुटलेले पापुद्रे रंगाऱ्याच्या लोखंडी पट्टीने खरवडून काढा. उघडी, खरवडलेली भिंत बरी दिसणार नाही हे मला ठाऊक आहे, पण ती सुकायला लागेल.

उजेडाचं म्हणाल तर दोन-तीन काचेची कौलं बसवून घ्या. खोलीत याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याही वस्तूने पडत नाही. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर बसवता आली तर उत्तम, वर्षातला बराच काळ ऊन कमी येतं. मात्र शेवाळलेल्या कौलांवर आत्ता कुणाला चढवू नका. नेहमीचा कौलं परतणारा माणूस चांगली उघडीप पाहून तयार असेल तर ठीक, नाहीतर हे काम मेमध्ये. तोवर ग्रिलवरचं प्लास्टिक आणि निळी ताडपत्री, असेल तर, झडीच्या बाजूपुरती ठेवून बाकीची काढा. रात्रीसाठी ती एकच पांढरीफटक ट्यूब बंद ठेवून दोन कोपऱ्यांत ९ वॅटचे एलईडी बल्ब लावा. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका प्रकाश देतात. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा ३००० के लिहिलेलं पाहून घ्या. बुरुडाकडून विणलेली बांबूची टोपली उलटी टांगून बल्बवर घेतली की भिंतीवर सुंदर जाळी उमटते. टोपलीत एलईडीच हवा, जुना तापणारा बल्ब नको. वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या भिंतीत स्वतः खिळा-वायर करू नका. सगळं मिळून २,५०० रुपये.

आता फळी आणि खुर्ची. माझे वडील सुतार होते. जुन्या फणसाच्या किंवा सागाच्या फळीवर बोट वाजवून ती किती काळ टिकेल हे ते सांगत, आणि त्यांचा सल्ला एकच असे : वाळवी नसेल तर घासा आणि वापरा. फळी नखाने टोचून पाहा, भुसा पडत नसेल तर ती तुमच्या घरातली सर्वांत किमती बैठक आहे. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० नंबरचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. फडक्याने पुसून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे (दुकानात तयार मिळतं, ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’) दोन पातळ हात द्या. एक काळजी घ्या : तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काजूच्या टरफलांचं तेल वाशांना वाळवीसाठी चांगलं, पण बसायच्या वस्तूला लावू नका, कातडीला फोड येतात.

झोपाळा ओटीच्या तुळईलाच टांगायचा, पडवीच्या वाशांना नाही. तुळई आणि कड्या आधी सुताराला दाखवा, जुन्या लोखंडी कड्या खारट हवेत आतून खाल्लेल्या असतात. साखळ्या पितळी चांगल्या, पण स्टेनलेस स्टीलच्याही चालतील. आरामखुर्चीला नवं जाड कापड लावून घ्या. सुतार, कड्या, साखळी मिळून ३,००० रुपयांत बसवा. पितळी साखळी त्यात बसणार नाही, तिचा आग्रह धरू नका.

कुबट वासाचा सोफा घराबाहेर काढा. त्यातला फोम आता सुकणार नाही. त्याच्या जागी लाकडी बाक किंवा साध्या चौपाईवर कापसाची गादी आणि दोन लोड. जुन्या गाद्या असतील तर त्यातला कापूस पिंजून घ्या, ३,००० रुपये पुरतात. गादी उघडीप मिळाली की उन्हात टाकता येते, फोमच्या सोफ्याचं तसं नाही. पंधरा माणसांना सोफा पुरतही नाही, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या की पत्ते आणि भजन दोन्हीला जागा होते.

लुगडी ट्रंकेतून काढा. नऊ वार म्हणजे २७ फूट. दाराला ७ फुटांचा पडदा धरला आणि वर-खाली दुमडायला एक फूट सोडला, तर एका लुगड्यात तीन पडदे होतात. काठ पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभे येतील. सुती असल्याने वारा अडत नाही आणि धुऊन लगेच सुकतात. मुलीबाळींना आजीचं लुगडं दाराशी पाहून जे वाटेल ते बाजारच्या पडद्याने वाटणार नाही.

एक छोटी गोष्ट, पण फार उपयोगाची : कपाट, शोकेस, फ्रेम काहीही बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. चार बोटं अंतर राहू द्या, मागून वारा खेळला पाहिजे.

हे सगळं १०,००० रुपयांत होतं. उरलेले २,००० बाजूला ठेवा, सणात मोडू नका. ते उन्हाळ्याचे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये भिंत वाळली की चॉकलेटी पट्टा पूर्ण खरवडायचा आणि चुन्याचे तीन पातळ हात द्यायचे. चुन्यातून भिंत श्वास घेते. कळीचा चुना आठवडाभर आधी भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक घाला. भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, तो उसळतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, आणि मुलं लांब.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ भाड्याने राहतो. तिसरा मजला, हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. घरमालक भिंतीत ड्रिल करू देत नाहीत. ५,००० रुपयांत खोली जरा आपलीशी करता येईल का? — नवं लग्न झालेलं जोडपं

उत्तर : येईल. पश्चिमेचं ऊन अडवणं हे तुमचं पहिलं काम, आणि ते काचेच्या बाहेर अडवायचं, आतल्या पडद्याने खोली तापायची थांबत नाही. बांबूच्या काड्यांची चिक, म्हणजे गुंडाळायचा पडदा, आणा आणि खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधा, ड्रिल लागत नाही. जूनमध्ये उतरवून, वाळवून, गुंडाळून ठेवायची. काचांवर बसणारं मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने आठवड्याला पुसा, उजेड तिथेच वाढतो.

फर्निचर भुश्याच्या बोर्डाचं घेऊ नका. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. त्याच पैशांत जुन्या सामानाच्या दुकानात लाकडी टेबल किंवा दोन खुर्च्या मिळू शकतात. उलट्या करून पाहा, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर सोडून द्या.

भिंत मोकळी राहिली तरी चालेल. एखादं चित्र हवंच असेल तर पैसे साठवून कुडाळजवळच्या पिंगुळीतून चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) शैलीतलं एक घ्या, किंवा सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवा. छापील पोस्टर दहा घेण्यापेक्षा हे एक घ्या. हाताने काढलेलं असतं आणि घर बदललं तरी सोबत येतं.

प्रश्न : हर्णैला आमच्या पडवीला शेणाने सारवलेली जमीन आहे. सून म्हणते, चकचकीत टाइल्स घालू. स्वस्तात मिळतायत. तुमचं मत? — एक सासू

उत्तर : सुनेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोजचं सारवण तिच्याच वाट्याला येत असेल तर तिला त्यातून सुटका हवी, आणि ती मिळायलाच हवी. पण चकचकीत टाइल नको. पावसात ओल्या पायांनी, ओल्या छत्रीने माणूस पडवीतच येतो, आणि तिच्यावर घसरून तुमच्या वयात कमरेचं हाड मोडलं तर सगळ्या घराचं वर्ष त्यात जातं.

त्याऐवजी लाल कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन, करा. खाली जांभ्याची भर नीट ठोकून, वर कोबा, त्यात लाल ऑक्साइड, आणि बाहेरच्या बाजूला हलका उतार. गवंडी कसलेल्या हाताचा पाहा, कारण घोटाई चांगली झाली नाही तर भेगा पडतात. पाणी मारून निदान आठवडाभर ओला ठेवायचा. काम पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर काढा. दाराच्या उंबऱ्याशी काथ्याचं पायपुसणं टाका आणि एक चौकोन, तुळशीसमोरचा, सारवलेला राहू द्या. तो तुम्ही सारवा.