दोरूच्या खोऱ्यात पहिल्यांदा जाताना

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून दोरू नदीच्या खोऱ्याची एका दिवसाची सहल घेते आहेस ना, मग आधी विचार, किती वायनरी, म्हणजे वाइन बनवायच्या जागा, दाखवणार? तीन म्हणाले तर सोड. दोन पुरे, मध्ये निवांत जेवण हवं. पोर्ट या इथल्या कडक वाइनमध्ये १९-२० टक्के अल्कोहोल असतं, उपाशीपोटी तर ती लगेच चढते. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला अजिबात लाजू नकोस.

खोऱ्यातल्या पिन्याओ गावाच्या आसपास मात्र गाडीत झोपायचं नाही. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे लागतात. खाली उतरून जमीन बघ. माती कसली, पापुद्रे सुटणाऱ्या शिस्ट दगडाच्या चिपाच! त्याच फटींतून वेलींची मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात. इतक्या खडकाळ जागी माणसांनी हातांनी बांध रचले, हे बघून मला दरवेळी भरून येतं. १७५६ मध्येच पोर्ट वाइनसाठी या भागाची हद्द आखली गेली.

पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवरच्या निळ्या फरशांवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, तिथे दहा मिनिटं तरी थांब.

जुलै-ऑगस्टचं ऊन सोसवत नाही. सप्टेंबर जमव. तेव्हा काही ठिकाणी अजूनही ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी द्राक्षं तुडवतात.