दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेल्या पिकअपला कोणते ऑईल, आणि ते कधी बदलावे

आपली गाडी २०११ सालची बोलेरो पिकअप आहे, इंजिन २५२३ सीसीचे टर्बो डिझेल, मीटरवर २ लाख ४० हजार किलोमीटर, काम मुख्यतः नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो पोहोचवण्याचे, आणि दर ३,००० किलोमीटरला साधारण एक लिटर ऑईल वरून घालावे लागते, असे आपण लिहिले आहे. मिस्त्री म्हणतात की इंजिन जुने झाले, आता २०डब्ल्यू-५० घाला. दुकानदार ५डब्ल्यू-४० सिंथेटिकचा डबा पुढे करतो. आणि घरातले म्हणतात की ऑईल ५,००० ला बदललेच पाहिजे, मग कोणतेही असो. माझ्याकडे याच जातीची २००९ची पिकअप आहे. ती आज ३ लाख ९० हजारांवर आहे आणि तिचे इंजिन आजवर एकदाच बांधले आहे (उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडले आहे). म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते आपण १५डब्ल्यू-४० वरच राहावे, डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस हा दर्जा असावा, आणि बदलण्याची वेळ किलोमीटरवर न ठरवता इंजिन किती तास चालले यावर ठरवावी. शेवटचा मुद्दा बहुतेकांना पटत नाही, त्यामुळे त्यावर पुढे अधिक लिहिले आहे.

आधी घट्टपणाचे पाहू. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० मधील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा असून १५ हा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहते ते सांगतो. पुढचा ४० हा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट राहते ते सांगतो. चाळीसच्या ऑईलचा दाटपणा त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो, पन्नासचा १६.३ ते २१.९. म्हणजे मिस्त्री जे सुचवतात ते गरम इंजिनात स्पष्टपणे जाड असते. जाड ऑईल घातले की प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालकाला बरे वाटते. परंतु काटा वर जाणे म्हणजे बेअरिंगपर्यंत अधिक ऑईल पोहोचणे नव्हे. वाट अरुंद असली किंवा ऑईल जाड असले तरीही प्रेशर वाढते, आणि प्रवाह मात्र कमी होतो. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर तालुक्यात पहाटे जी थंडी पडते, त्या वेळी गाडी चालू केल्यावर टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ऑईल जायला जेवढे सेकंद लागतात, तेवढे सेकंद ते भाग कोरडे घासतात. शिवाय थंड, जाड ऑईल फिल्टरच्या कागदातून लवकर जात नाही. मग फिल्टरमधील बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच इंजिनात जाते. इंजिन जुने आहे म्हणून जाड ऑईल, हा समज आपल्याकडे फार रुजला आहे. त्यात एवढेच खरे आहे की खूप झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि ऑईल खाणे त्याने काही महिने कमी दिसते. रोग तसाच राहतो, फक्त तो झाकला जातो. इंजिन बांधायचे ठरले आहे आणि एक हंगाम कसाबसा काढायचा आहे, अशा गाडीला मी स्वतःही २०डब्ल्यू-५० घातले असते. आपली गाडी त्या अवस्थेत नाही.

सिंथेटिक ५डब्ल्यू-४० बद्दल माझी तक्रार ऑईलच्या गुणाबद्दल नाही. ते चांगलेच असते. पण उणे २५-३० अंशांत गाडी सुरू होण्याची सोय आपल्याला लागत नाही, आणि ३,००० किलोमीटरला एक लिटर जाणाऱ्या इंजिनात महागडे ऑईल घालणे म्हणजे फुटक्या माठात वाळ्याचे पाणी भरण्यासारखे आहे. त्या पैशात वेळेवर फिल्टर आणि वेळेवर साधे ऑईल, दोन्ही होते.

दर्जाच्या अक्षरांबाबत थोडक्यात. एपीआयच्या डिझेलच्या दर्जांत सीएफ-४ हा १९९०च्या सुमाराचा, सीएच-४ हा १९९८चा, सीआय-४ हा २००२चा आणि सीके-४ हा २०१६च्या अखेरीस आलेला. सीआय-४ हे त्याआधीच्या सीएफ-४, सीजी-४ आणि सीएच-४ यांच्या जागी चालते, त्यामुळे आपल्या पुस्तिकेत जुना दर्जा छापलेला असला तरी काळजी नको. सीके-४ सुद्धा चालते. मात्र ते मुख्यतः धूर गाळणारा डीपीएफ बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी कमी राखेचे बनवलेले असते, आणि आपल्या गाडीला डीपीएफच नाही, तेव्हा त्याचे जादा पैसे कशाला? एक मात्र टाळावे: एफए-४ असे लिहिलेले ऑईल. ते मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि जुन्या इंजिनांसाठी नाही. कंपनी कोणती, हा प्रश्न मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचे योग्य दर्जाचे ऑईल पुरते. ते अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पंपावरून घ्यावे, डब्याचे सील स्वतः पाहावे, आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी त्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडावे, कारण चांगल्या स्थितीतील रिकाम्या डब्यांना बाजारात किंमत मिळते आणि ते पुन्हा भरले जातात.

आता बदलण्याची वेळ. ‘५,००० ला बदला’ हा नियम आपल्या वडिलांच्या पिढीने विनाकारण घालून दिलेला नव्हता. डिझेलमधील गंधक जळले की त्याचे आम्ल बनते, आणि ते आम्ल मारण्यासाठी ऑईलमध्ये घातलेला अल्कधर्मी साठा त्यात खर्च होतो. सन २००० च्या मानकांत डिझेलमध्ये २,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २,५०० भाग) गंधक चालत असे. पुढे ते भारत स्टेज या प्रदूषण मानकांच्या स्टेज दोनला ५०० वर, तीनला ३५० वर, २०१७ मध्ये देशभर स्टेज चार लागू झाल्यावर ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर आले. म्हणजे आपली गाडी जरी स्टेज तीनची असली तरी तिच्या टाकीत आज जे डिझेल पडते ते तिच्या जन्माच्या वेळच्या डिझेलपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. आम्लामुळे ऑईल लवकर संपण्याची भीती त्यामुळे फारशी उरलेली नाही. उरले आहेत ते काजळी, धूळ आणि ऑईलमध्ये उतरणारे डिझेल. हे तिन्ही किलोमीटरवर अवलंबून नसून गाडी कशी चालते यावर अवलंबून असतात.

ट्रॅक्टरवाल्यांना हे न सांगता कळते, कारण त्यांच्याकडे तासांचे मीटर असते आणि अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांनी ऑईल बदलण्याची शिस्त असते. तोच हिशेब पिकअपला लावून पाहा. नारायणगाव ते वाशी या फेरीत चाकणची कोंडी, टोल आणि बाजाराच्या फाटकापुढे चालू इंजिनावर केलेली वाट पाहणी धरून गाडीची सरासरी ताशी ३०-३२ किलोमीटरच्या आसपास पडेल. २५० तासांत ती साडेसात ते आठ हजार किलोमीटर जाईल. पण आपण म्हणता की हंगामात हीच गाडी मळ्यामळ्यातून क्रेट गोळा करते. त्या कामात सरासरी १२ ते १५ किलोमीटर असते, इंजिन मात्र तेवढेच तास चालते, त्यातही धुळीत आणि निम्मा वेळ नुसते उभे राहून. तेथे २५० तास ३,००० ते ३,७५० किलोमीटरांतच पूर्ण होतात. म्हणून ‘५,००० की १०,०००’ या वादात दोन्ही पक्ष आपापल्या कामापुरते बरोबर असतात. आपल्या मिश्र वापरासाठी मी असे करीन: हंगामात ५,००० ते ५,५०० वर, आणि नुसत्या वाशीच्या फेऱ्या असतील तेव्हा ७,५०० वर बदल, गाडी पावसाळ्यात उभी राहिली आणि किलोमीटर झाले नाहीत, तरी वर्षातून एकदा बदल. दहा हजारांपर्यंत मी ताणणार नाही.

घाटाचे भय आपण लिहिले आहे, त्यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपला माल उतारावर जातो. नारायणगावहून वाशीला, माळशेजने जा किंवा खंडाळ्याने, भरलेली गाडी घाट उतरते आणि चढ चढते ती परत येताना, रिकामी. त्यामुळे ऑईल तापण्याच्या दृष्टीने आपली फेरी वाटते तेवढी कठीण नाही. जो कोकणातून चिरा भरून वर देशावर आणतो त्याची गोष्ट वेगळी. त्याने घाटमाथ्यावर चहाला थांबताना इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑईल करपत नाही.

ऑईल काळे झाले म्हणजे खराब झाले, असे डिझेल इंजिनात समजू नये. नवे ऑईल दोन-तीनशे किलोमीटरांत काळे होते, आणि ते होणे म्हणजे ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवण्याचे आपले काम करीत आहे. दोन बोटांत चोळून ‘ताकद संपली’ असे सांगणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्याऐवजी गरम इंजिनाच्या, ऑईलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर सोडून रात्रभर ठेवावा. काळेपणा मधून बाहेर हळूहळू फिका होत पसरला असेल तर ऑईलमध्ये अजून दम आहे. मध्ये डांबरासारखा घट्ट ठिपका आणि त्याची कडा कापल्यासारखी असेल तर लगेच बदलावे. आणि भोवती रुंद, तेलकट, जवळजवळ पारदर्शक कडे दिसले तर नोझल किंवा पंपातून डिझेल ऑईलमध्ये उतरत असल्याचा संशय घ्यावा. पट्टीवरची पातळी आपोआप वाढत असेल, तर हा संशय पक्का समजावा. वर चढलेली पातळी पाहून ‘गाडी ऑईल खात नाही’ म्हणून आनंद मानणारे मालक मी पाहिले आहेत. ऑईल चहासारखे दुधाळ दिसले तर गाडी चालवूच नये. त्यात पाणी आले आहे.

बदलताना करावयाच्या गोष्टींत मला एका अनुभवाने शहाणे केले. काही वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात मी घाईने ऑईल बदलून घेतले. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, त्यावर नवा फिल्टर त्याच्या रिंगसह चढवला गेला, आणि वीस किलोमीटरवर प्रेशरने दोन रिंगांच्या मधून सगळे ऑईल रस्त्यावर ओतले. दिवा लागताच इंजिन बंद केले म्हणून बेअरिंग वाचले. तेव्हापासून जुन्या फिल्टरला रिंग आहे की नाही हे मी स्वतः पाहतो, नव्या रिंगला ऑईलचे बोट लावतो, आणि फिल्टर पान्याने न आवळता हाताने टेकल्यानंतर पाऊण फेरा फिरवतो. ऑईलबरोबर फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. एकाआड एक बदलण्यात वाचणारे पैसे फार थोडे असतात. चेंबरच्या नटाचा (ज्यातून खालून जुने ऑईल काढतात) तांब्याचा वॉशरही नवा टाकावा. ऑईल गरम असताना काढावे, म्हणजे काजळी त्याच्याबरोबर निघते. मिस्त्रींनी आतून धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल ओतण्याचे सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. ते पुरते निघत नाही आणि नव्या ऑईलला पहिल्याच दिवशी पातळ करते. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहावी आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण जादा ऑईल क्रँकच्या घुसळण्याने फेसाळते आणि ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर जाण्याच्या नळीतून) बाहेर पडते. अशा इंजिनाचाही ‘ऑईल खाते’ म्हणून बोभाटा होतो.

आता त्या एका लिटरचे. ३,००० किलोमीटरला एक लिटर हे या वयाच्या, ओझ्याच्या गाडीला चिंता करण्याइतके नाही. मला मात्र ते कोठून जाते हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. सकाळी चालू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले असावेत, आणि ते काम इंजिन न बांधता होते. चढावर ओझ्याखाली सतत निळा धूर आणि ऑईल भरण्याचे झाकण उघडले असता भकभक बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनवरून खाली निसटणारा वायू) असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जाते. टर्बोच्या पाइपात ऑईलचा पातळ थर दिसला तर लगेच टर्बोला दोष देऊ नये, तेवढे ब्रीदरमधून येतेच. पाइपात ऑईल साठून राहत असेल तर गोष्ट वेगळी. आणखी एक जागा बहुतेक जण पाहतच नाहीत. या काळातील अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) मागे असतो व त्याला इंजिनाचेच ऑईल मिळते. त्याचे सील गेले की ऑईल अल्टरनेटरमध्ये झिरपते, धूर दिसत नाही, खाली थेंबही फारसे पडत नाहीत, आणि दोष रिंगांच्या माथी जातो. माझ्या गाडीत पहिल्यांदा ऑईल कमी होऊ लागले तेव्हा अर्धे इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला होता. निघाले ते हे सील.

तेव्हा पुढच्या खेपेस १५डब्ल्यू-४० सीआय-४ आणि नवा फिल्टर टाका, अल्टरनेटरची मागची बाजू पुसून कोरडी करून ठेवा, आणि दर ५०० किलोमीटरला सपाट जागी पट्टी पाहून पातळी, वरून घातलेले ऑईल आणि त्या काळात गाडी मळ्यात जास्त फिरली की वाशीला, एवढे एका वहीत लिहा. तीन हजार किलोमीटरांच्या नोंदी झाल्या की, सकाळचा धूर आणि झाकणाजवळचे बॅक कॉम्प्रेशन कसे होते यासह, ते आकडे येथे लिहा. सील बदलावे की रिंगांचा विचार करावा, हे त्यावरून नेमके सांगता येईल.