सुभेदारसाहेब, तो एक शब्द मागे घ्या

पत्र: सातारा जिल्ह्यातला निवृत्त सुभेदार आहे. मुलगा टीवायबीएला, राज्यशास्त्र. एनडीए दोनदा दिली, लेखीतच राहिला. आता सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेचा अभ्यास सोडून ‘जेंडर आणि सुरक्षा’ या विषयात एम.ए., मग पीएच.डी. करायची म्हणतो. कॅरल कोन नावाच्या अमेरिकन बाईंचा लेख वाचल्यापासून हे सुरू झालंय. मी कांगोत युएन मिशनवर होतो. बाजाराला निघालेल्या बायकांच्या पुढेमागे आमच्या गाड्या चालायच्या. तेव्हाची रोजनिशी अजून ट्रंकेत आहे. सुरक्षा काय असते ते मला कुणी शिकवू नये. असल्या बायकी संशोधनानं कुठलं युद्ध थांबलं? परवा पाहुण्यांसमोर त्याला तसं बोललो, तर ताटावरून उठून गेला. त्याला समजवा.

सुभेदारसाहेब, नमस्कार.

हुकलेली एनडीए, सुटलेला सीडीएसचा अभ्यास, त्यामागची तुमची काळजी, यातलं काहीच मला खटकलं नाही. बापानं एवढी काळजी करायलाच हवी. खटकला तो ‘बायकी’ हा शब्द. वीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत तो शब्द ऐकवलात आणि तो जेवण टाकून उठला, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मी मात्र तिथेच अडकलो. ज्या बाईंवर तुमचा राग आहे, त्यांनी नेमका या शब्दाचाच अभ्यास केला आहे.

१९८४च्या उन्हाळ्यात कोनबाई अण्वस्त्रांवरच्या दोन आठवड्यांच्या कार्यशाळेला गेल्या आणि पुढे वर्षभर तिथल्या संरक्षणतज्ज्ञांमध्ये राहिल्या. माणसं सभ्य, हुशार, हसतमुख. पण त्यांच्या बोलण्यात मेलेला माणूस कुठेच नसायचा. बाईंनी ‘शांतता’ हा शब्द काढला की त्यांना भाबड्यात काढलं जाई. त्यावरचा त्यांचा लेख १९८७ साली आला. नंतरच्या एका लेखात त्यांनी एका भौतिकशास्त्रज्ञाचा अनुभव दिला आहे. अणुहल्ल्यात किती माणसं तत्काळ मरतील याचं गणित चाललं होतं. आकडेमोड थोडी बदलली आणि ३ कोटी ६० लाखांचे ३ कोटी झाले. सगळे माना डोलवू लागले, ‘वा, फक्त ३ कोटी!’ या गृहस्थाच्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, फक्त ३ कोटी माणसं?’ खोलीत शांतता पसरली. कुणी त्याच्याकडे बघेना. तो सांगतो, त्या क्षणी मला आपण बाई असल्यासारखं वाटलं. पुन्हा असं काही तोंडातून जाऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

सुभेदारसाहेब, ३ कोटी जिवांबद्दल कळवळून बोललेला माणूस लाजेनं गप्प झाला, तो या एका शब्दाच्या धाकानं. तुमच्या घरात परवा तेच झालं.

आता तुमचा गैरसमज. जेंडर म्हणजे बायकांचे प्रश्न, असं तुम्ही धरून चालला आहात. पुरुषानं कसं असावं, रडावं की नाही, घाबरलो असं म्हणावं की नाही, हे कोण ठरवतं आणि त्यापायी युद्धाचे निर्णय कसे वाकतात, हाही याच विषयाचा गाभा आहे. पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला यातलं जितकं ठाऊक असतं तितकं आम्हा प्राध्यापक मंडळींना नसतं.

युद्ध थांबलं का? नाही. एका लेखानं युद्ध थांबत नाही. संशोधनाचा परिणाम असा मोजला तर जगातलं बहुतेक संशोधन नापास होईल. पण ३१ ऑक्टोबर २००० रोजी युएनच्या सुरक्षा परिषदेनं १३२५ क्रमांकाचा ठराव केला, शांतता आणि सुरक्षेत स्त्रियांचा वाटा मान्य करणारा. रेटा जगभरच्या महिला संघटनांचा होता आणि अशा अभ्यासकांची वर्षानुवर्षांची मांडणी त्यांच्या हाताशी होती. २००७ साली लायबेरियात भारताची महिला पोलिसांची तुकडी गेली, युएनच्या इतिहासातली अशी पहिलीच. २००८च्या १८२० क्रमांकाच्या ठरावानं युद्धातला बलात्कार हा सुरक्षेचा प्रश्न ठरवला. त्याच वर्षी पॅट्रिक कामार्ट हे डच मेजर जनरल म्हणाले होते की आजच्या संघर्षात सैनिकापेक्षा बाई असणं जास्त धोक्याचं झालं आहे. हे गृहस्थ पूर्व कांगोतल्या युएनच्या डिव्हिजनचे प्रमुख होते.

बाजाराच्या वाटेवर तुमच्या गाड्या का चालत होत्या, ते तुम्हाला मी काय सांगणार? मुलगा ज्याला विषय म्हणतो, ती तुमची ड्यूटी होती.

सीडीएस वर्षातून दोनदा होते. त्याला स्वतःला वाटलं तर देईल, वय आहे. पीएच.डी.चं मात्र मी गोड चित्र रंगवणार नाही. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार, नाही मिळाली तर ओढाताण. आपल्याकडच्या प्राध्यापक भरतीची रखडपट्टी तुम्हाला माहीत आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे माझेच विद्यार्थी आहेत. म्हणून पीएच.डी.चा हट्ट आत्ता नको, आधी एम.ए. होऊ द्या. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग आहे आणि त्याच आवारात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रही आहे. एकदा त्याला घेऊन जा, दोन्हीकडे बसून बोला. इंग्रजी वाचन आणि लिखाण त्याला आत्तापासून वाढवावं लागेल, तिथे सवलत नाही.

त्याला समजवा, असं तुम्ही लिहिलंय. ते मी करणार नाही. त्याच्याशी बोलायचं काम तुमचं आहे. आधी परवाच्या बोलण्याबद्दल वाईट वाटलं म्हणून सांगा, पाहुण्यांसमोर नाही, दोघंच असताना. मग ट्रंक उघडा आणि कांगोची रोजनिशी त्याच्या हातात द्या. अक्षर लागणार नाही तिथे तुम्ही वाचून दाखवा.