इंजिनिअर बाबा गेले आणि त्यांच्यावर पहिल्यांदाच श्रद्धांजली लिहिताय?

‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू’ आधी खोडा. कळव्यापासून बेलापूरपर्यंत प्रत्येक श्रद्धांजलीत हेच असतं. बाबा इंजिनिअर होते, म्हणजे नेमकं काय करायचे? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे, की नव्या इमारतींच्या साइटवर काँक्रीटचे क्यूब (मजबुती तपासायचे नमुन्याचे ठोकळे) भरून घ्यायचे? क्यूब असतील तर ते २८ दिवस पाण्यात ठेवून मग मशीनवर फोडतात, हेही लिहा. वाचणाऱ्याला माणूस त्यातूनच दिसतो. त्यांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावा. घरी कधी न बोललेलं तोच सांगेल.

सालं तपासा. वाशीला लोकल १९९२ मध्ये आली. त्याआधी बाबांना लोकलने वाशीला उतरवलंत, तर जुनी मंडळी लगेच पकडतील (आणि तेराव्यालाच बोलून दाखवतील!).

घरावर जीव होता, असं नुसतं सांगू नका. रात्रपाळीहून येऊन तुमची गणिताची वही तपासायचे का? डबा कोणाबरोबर खायचे? चिडके असतील तर तेही येऊ द्या. फक्त आईंना आधी वाचून दाखवा. पदव्या-बढत्या एका ओळीत उरका. फोटो मात्र साइटवरचा, हेल्मेट घातलेला द्या. सुटातला नको.