लाल अंबाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला परड्यात लाल अंबाडीचं बी लावलं. सप्टेंबर अर्धा सरला, झाडं डोक्यावर गेली, पण एकही कळी नाही. खत कमी पडलं का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : खताचा दोष नाही, बी फार लवकर पडलं. अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते. आपल्याकडे जूनअखेर दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, तो बारा तासांवर येतो सप्टेंबरअखेर. कळ्या धरतात त्या सुमारास. म्हणून बी मे महिन्यात लावा की जुलैत, फुलं जवळजवळ एकाच वेळी येतात. लवकर लावलेलं झाड नुसतं उंच होतं आणि परतीच्या पावसात आडवं पडतं. आता युरिया किंवा कोंबडीखत देऊ नका, नुसता पाला माजेल. काठीचा आधार द्या आणि थांबा. अंगणातला दिवा रात्रभर झाडावर पडत असेल तर तो बंद करा. दिव्याजवळची झाडं उशिरा फुलतात.

पुढच्या वर्षी पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करा. दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि बोंडं वाढतात. बी मात्र पारखून घ्या. भाजीच्या हिरव्या अंबाडीला जाड लाल बोंडं येत नाहीत, आणि वाखाच्या अंबाडीची बोंडं शरबताच्या कामाचीच नसतात.

प्रश्न : पिशवीतली रोपं चार पानांवर आली की बुडाशी काळी पडून कोलमडतात. – एक वाचक, देवगड

उत्तर : ही बुरशी, आणि तिला बोलावतं साठलेलं पाणी. नुसती जांभ्याची माती पिशवीत घट्ट बसते. चाळलेली माती दोन भाग, नदीची रेती एक भाग (समुद्राची नको, तिच्यात खार असतो) आणि पुरतं कुजलेलं शेणखत एक भाग असं मिश्रण करा. अर्धकच्चं शेण बुरशी वाढवतं. बी रात्रभर भिजवून एक सेंटिमीटर खोल, पिशवीत दोन-दोन लावा. चार ते सात दिवसांत उगवतं. पिशव्या पागोळ्यांखाली ठेवू नका. हे अगदी साधं वाटतं, पण पावसाळ्यात निम्मी रोपं तिथेच जातात. मेलेलं रोप मातीसकट काढून टाका आणि ती माती पुन्हा पिशवीत भरू नका. रोपं जमिनीत लावताना वाफा वीतभर उंच हवा.

प्रश्न : बोंडं कधी काढायची? शरबत आणि जॅम कसा करायचा? – एक वाचक, मालवण

उत्तर : फिकट पिवळं, मधोमध गडद लाल डोळा असलेलं फूल एका दिवसात मिटतं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत बोंड भरतं. सालं मांसल आणि चटकन मोडणारी असतानाच कात्रीने कापा. उशीर झाला की ती चिवट होतात. आतलं हिरवं फळ सुरीने काढा, पण फेकू नका. ते पाण्यात उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी जॅममध्ये घातलं की जॅम वेगळं पेक्टिन न घालता घट्ट होतो.

शरबतासाठी अर्धा किलो सालं एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा. त्यात 600 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवा. पिताना एका भागाला तीन भाग पाणी. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ आंबटाला चालत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवा.

वाळवायची असतील तर संध्याकाळी सालं घरात घ्या, दवाने बुरशी येते. दहा किलो ताज्या सालांची सुकून जेमतेम एक किलो उरतात. माशाच्या आमटीत ती कोकमासारखी चालतात. सोलकढीत मात्र कोकमच घाला, अंबाडीचा आंबटपणा तिथे बोचतो.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे. अंबाडीचा काढा घ्यावा का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : या काढ्याने रक्तदाब थोडा उतरतो, म्हणूनच गोळीबरोबर तो जास्त उतरू शकतो. अधूनमधून पेलाभर शरबत वेगळं. रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. गरोदरपणात काढा टाळावा.