पेशीत आलेलं कोलेस्टेरॉल साठतं कुठे?

जादा कोलेस्टेरॉल पेशीतल्या मेदाच्या बारीक थेंबांत साठतं, तेही मेदाम्ल जोडून. सुटं कोलेस्टेरॉल बहुतांशी पेशीच्या बाह्य पटलातच असतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून आणणारा एलडीएल कण पेशीवरच्या ग्राहीला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटून आत येतो (ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांचं काम, १९८५चं नोबेल) आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, फुटतो. तिथे एनपीसी२ हे प्रथिन कोलेस्टेरॉलचा सुटा रेणू उचलून लायसोसोमच्या पटलातल्या एनपीसी१ या दुसऱ्या प्रथिनाकडे देतं, बांधकामावर घमेली हातोहात पुढे सरकतात तसं. एनपीसी१ बिघडलं की माल तिथेच तुंबतो. नीमन-पिक सी हा आजार बहुतेकदा असाच होतो. थेंब मात्र सगळीकडे सारखे नसतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या पेशी संप्रेरकांसाठी भरपूर साठा ठेवतात, इतर बऱ्याच पेशी जेमतेम.